कातालुन्याच्या सीमेवर एक गाऱ्हाणं

बार्सिलोनाच्या विमानतळावर माझ्या पेटीतून पहिली वस्तू बाहेर निघाली ती म्हणजे नारळ. तपासणीवाल्या बाईने तो दोन्ही हातांत धरला, कानाशी नेऊन हलवला, आत पाणी डुचमळलं तशी माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "देवाक गो, देवाक." तिला काय कळणार? मग तिने कोकमाच्या सोलांची पिशवी हुंगली, नाक मुरडलं, आणि सगळं होतं तसं परत ठेवून पेटी माझ्याकडे ढकलली. नारळ वाचला. तो वाचला म्हणून पुढचं सगळं झालं.

मी गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या इब्रामपूरची. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचन दुकानातून येणाऱ्या पुड्यांच्या कागदांवर. साखर डब्यात ओतायची आणि कागद चुलीजवळ बसून वाचायचा. आता परत आल्यापासून वाड्यावरची प्रत्येक बाई येते नि म्हणते, "सांग गो, काय काय बघितलंस?" पहिल्यापासून सांगून सांगून घसा बसला. म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

निघण्याआधी

माझी लेक सुलभा, आमची सुलू, सात वर्षांपूर्वी तिकडे गेली. मोरजीच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होती, तिथून बार्सिलोनाला, आणि तिथून जोर्दी नावाच्या गवंड्याशी लग्न करून एका जुन्या खेड्यात. जोर्दी पडक्या घरांच्या दगडी भिंती दुरुस्त करतो. लग्नाला आम्ही नव्हतो. नंतर दोघं एकदा आठ दिवस येऊन गेली. त्या आठ दिवसांत जावई आमची तीनच बोलणी शिकला: "जेवलंय," "पुरे," आणि "व्हय म्हाराजा."

हे तिसरं समजावून सांगायला हवं. आमच्या गावाच्या सीमेवर आंब्याखाली एक दगड आहे. तोच आमचा राखणदार. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. गावातून कोणी लांब निघालं, नवी सून आली, गाय व्यायली, की त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि मागच्यांनी दर वाक्याला म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" घालणारे पुरुष, म्हणणारेही पुरुष. बायका मागे हात जोडून उभ्या.

तर यंदा गणेश चवथीच्या सुमारास सुलूचा फोन आला की गावातल्या रोझा नावाच्या म्हातारीची पावाची भट्टी ती चालवायला घेणार. हे ऐकून आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत. पूर्वी यांच्या आजीच्या चुलीपाशी पाव येऊ देत नसत, उंबऱ्याबाहेर खायचा आणि चूळ भरून आत यायचं. "इब्रामपूरच्या माणसाची लेक पोदेर जातली?" हे ओरडले. "सायकलीर बसान पों पों करीत?" आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, तसाच दारोदार येतो. पण खरं दुखणं पावाचं नव्हतं, ते मलाही ठाऊक होतं. भट्टी घेतली की लेक तिकडचीच झाली. आजवर आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो, येईल हो, एक दिवस येईल.

हे काही विमानात बसायला तयार नव्हते. गाईला कोण बघणार, म्हणाले. यांचा ट्रक डिचोलीच्या खाणीवरचं खनिज वाहायचा. खाण थांबली तसा तो अंगणात उभा राहिला, आणि आता त्याच्यावर दोडक्याचा वेल चढलाय. त्या ट्रकाजवळ उभे राहून म्हणाले, "तू जा. तिका घेवन ये."

निघायच्या दिवशी शेजारच्या दोघांना घेऊन यांनी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा राखणदारा! माझी लेक सात वर्सां परमुलखात आसा. ही तिका हाडूक जाता. दिवाळेचे फोव तिना घरात बसान खाव्क व्हये, आणि परत जावक नको. तेवडां कर आणि तुझो रोट घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

फोव म्हणजे पोहे, आणि रोट म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकरी, राखणदाराचा मान. मी मागे उभी राहून हात जोडले.

पाल्स

मला वाटलं होतं परदेश म्हणजे काचेच्या इमारती. आणि पहिल्याच दिवशी जोर्दीने गाडी उभी केली ती भाताच्या शेताच्या कडेला! पिवळंधमक पिकलेलं भात, कापणीला आलेलं. मी दार उघडून तशीच खाली उतरले, एक लोंबी तळहातावर चोळली, दाणा दाताखाली धरला. गोल, आखूड दाणा. पण वास तोच, आपल्या शेताच्या कुणग्यातल्या ऊन लागलेल्या पेंढ्याचा. मनात आलं, आत्ता आमच्या घरी कापणी कोण करतंय? हे एकटेच असतील.

त्या भातशेतांच्या मधोमध एक टेकडी, टेकडीवर पाल्स गाव. दगडाच्या पायऱ्या, दगडाच्या कमानी, एक उंच गोल बुरूज, आणि रस्ते इतके अरुंद की समोरासमोरच्या जनेलांतून, खिडक्यांतून, दोघी जणी एकमेकींना वाटी देऊ शकतील. पाचसहाशे वर्षांपूर्वीची घरं, सुलू म्हणाली. मी शोधत होते ती त्या घरांत राहणारी माणसं. एक म्हातारा कदेल दारात टाकून शेंगा सोलत बसला होता, त्याला बघून जीव थंड झाला.

गावात शिरताना कमानीच्या कोपऱ्याला टेकून एक दगड उभा होता. गुडघ्याएवढा, वर गोल, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. बरोबर वेशीवर. मी काय विचार केला सांगू? विचार केलाच नाही. चप्पल काढली, भिंतीवरच्या कुंडीतलं एक लाल फूल तोडून त्याच्यावर ठेवलं आणि हात जोडले. परगावच्या सीमेत पाय टाकताना तिथल्या धन्याला सांगायला नको?

दोन गोऱ्या बायका माझे फोटो काढू लागल्या. सुलू लगबगीने आली. "आये, काय करतंस?"

"गावचो राखणदार मगो?"

सुलूने जोर्दीला विचारलं. तो डोकं खाजवत काहीबाही बोलला, आणि सुलू हसता हसता खाली बसली. तो देव नव्हता. पूर्वी बैलगाड्या कमानीतून वळताना चाकाचा आस भिंतीला घासून भिंत ढासळायची, म्हणून कोपऱ्यावर असे दगड पुरत. चाक दगडाला लागावं, भिंत वाचावी.

मी म्हटलं, "म्हणजे स्वतः धक्के खाता आणि घर राखता. मग राखणदारच की!"

हे तिने जोर्दीला सांगितलं. तो हसला नाही. त्याने आपणही वाकून दगडावर हात ठेवला.

"पण आये, असले धोंडे हंय दर कोपऱ्यार आसत," सुलू म्हणाली. "सगळ्यांका फुलां घालीत बसलंस तर आमी जेवतलों खंय?"

जेवायला मोठ्या कढईत भात आणि माणकी, तो बिनकाट्याचा मऊ मासा; भात माशाच्या रसात शिजवलेला, शाईसारखा काळा. दाणा मध्ये कच्चट. मी हळूच विचारलं, "शीत शिजाक इसारले काय गो?" तर तो तसाच करतात म्हणे! चव मात्र, खोटं कशाला बोलू, बोटं चाटावी अशी. खाली लागलेली खरपुडी जोर्दीने कुलेरने खरवडून माझ्या ताटात घातली. आमच्या घरी खरपुडी सुलूला लागायची. तिने माझ्या ताटाकडे बघितलं, मी अर्धी तिला दिली. तेव्हाच म्हणणार होते, चल गो घरी. पण तोंडात भात होता.

पेरातल्याडा

या गावाच्या नावाचा अर्थच कापलेला दगड. गावाभोवतीचा खंदक खडक कापून केलेला, आणि वेशीच्या कमानीखाली खडकात बैलगाड्यांच्या चाकांच्या दोन चाऱ्या पडलेल्या, बोटभर खोल. त्यांत पाय ठेवून मी चालत गेले आणि एकदम सात वर्षांची झाले. माझे बाबा चिरेखणीवर चिरे काढायचे. बाजाराच्या दिवशी चिऱ्यांच्या गाडीवर मला बसवून डिचोलीला न्यायचे. वाटेत जांभ्या दगडात अशाच चाऱ्या होत्या. चाक चारीत बसलं की बाबा कासरा सोडून द्यायचे. "आता बैलांका वाट ठावक आसा," म्हणायचे, आणि मला मांडीवर घेऊन खाजं खायला द्यायचे. आल्याचं तिखट आणि गुळाचं गोड, दोन्ही एकदम. त्या वाटेवर आता डांबर आहे. चाऱ्या कुठे गेल्या विचारायलाही कोणी उरलं नाही.

तिथे जोर्दीचं काम चालू होतं, एका घराची भिंत. मला दाखवायला त्याने एक दगड उचलला, हातोडीने टिचकी मारली आणि कान लावला. दुसऱ्याला मारली, कान लावला, आणि तो बाजूला टाकला. मी जागच्या जागी थिजले. बाबा असंच करायचे. चिरा आतून फुटका असला की त्याचा आवाज बसका येतो. मी पुढे होऊन टाकलेल्या दगडाला बोटाच्या पेराने वाजवलं आणि मान हलवली, हो, फुटका. जोर्दीचे डोळे हे एवढे झाले! मग आम्ही सासू-जावई अर्धा तास दगड वाजवत बसलो. भाषा लागलीच नाही.

दुपारी वारं सुटलं. उत्तरेच्या डोंगरांवरून येतं, त्रामुंताना म्हणतात त्याला, आणि त्याने माणसाचं डोकं फिरतं असं तिथले लोक सांगतात. माझी शाल खंदकात गेली. जोर्दी ती काढायला उतरला, तेव्हा आम्ही मायलेकी कमानीच्या आडोशाला दोघीच होतो.

"आये," सुलू म्हणाली, "कित्याक इलंस तां माका ठावक आसा. बाबांनी फोनार सांगल्यान."

"मग?"

"मग काय? तू विचार, मी सांगतंय."

विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि मग परतीच्या वाटेवर माझ्या हातात काय राहिलं असतं? मी म्हटलं, "वारां केदां आसा बघ," आणि पदर डोक्यावरून घट्ट ओढला.

सुलूचं गाव

या गावाचं नाव माझ्या तोंडात काही बसलं नाही, मी त्याला सुलूचं गाव म्हणते. तीस-पस्तीस घरं, एक चौक, चौकाच्या कोपऱ्यावर रोझाची भट्टी. रोझा माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, कमरेत वाकलेली, पण हात लोखंडाचे. तिची भाषा वेगळी, माझी वेगळी. मी आपली आमच्याकडच्या म्हाताऱ्यांसारखी बोलत गेले. खुर्चीला कदेल, चमच्याला कुलेर, आणि ती दर वेळी टाळी वाजवायची, कारण तिचे शब्द जवळजवळ तेच! आमच्याकडे हे पाकल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, आणले, आणि पाकले तर तिचे शेजारी.

सोमवार होता, सोमवारी मी मासे खात नाही म्हटल्यावर तिने निखाऱ्यांवर वांगी आणि मोठ्या मिरच्या भाजल्या, सोलल्या, वर तेल सोडलं. कांदा नाही, खोबरं नाही, पण भरीतच ते. मी तिला सोलकढी करून दिली. एक घोट घेऊन तिने डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. मग म्हणाली, आणखी दे.

जेवण झाल्यावर तिने एप्रनच्या खिशातून वीतभर लांबीची लोखंडी चावी काढून मेजावर ठेवली, आणि माझ्याकडे बघत बरंच बोलली. सुलू लालेलाल झाली.

"काय म्हणता ती?"

"काय नाय गो."

रोझाने मेजावर बोट आपटलं. सांग तिला! मग सुलू खाली बघत सांगू लागली.

"ही चावी चार महिने तिच्या खिशात आहे. तिचा मुलगा शहरात गेला, त्याला पिठाची धूळ नको. तिला भट्टी मला द्यायची आहे. पण ती म्हणते, एका आईच्या चुलीपासून पोर उचलून मी माझ्या भट्टीपाशी बसवणार नाही. तुझ्या आईला आण. ती हो म्हणाली तर चावी तुझी. नाही म्हणाली तर भट्टी बंद."

घ्या! म्हणजे सुलूला विचारायची गरजच नव्हती. मला फक्त मान आडवी हलवायची होती. यांचं गाऱ्हाणं पुरं झालं असतं, दिवाळीला लेक घरी असती. रोझा बघत होती, सुलू बघत नव्हती. मी म्हटलं, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी भट्टीवर गेले. रोझाच्या मदतीला आलेली सुलू लांब फळीने पाव बाहेर ओढत होती, तोंड तापून लाल, केस पिठाने पांढरे. मला वाटलं, मी म्हातारपणीची सुलू बघतेय. तिने मला बघितलं नव्हतं. एवढ्यात एक पाव फळीवरून घसरून जमिनीवर पडला. आदल्या दिवशी रोझाच्या हातून असाच तुकडा पडला होता, तेव्हा तिने तो उचलून त्याचा मुका घेतला होता, ती त्यांची रीत. सुलूने पाव उचलला, आधी कपाळाला लावला, आपल्या घरी भाताचं शीत सांडलं की लावतो तसा. मग त्याचा मुका घेतला. मग फुंकर मारून बाजूला ठेवला आणि पुढच्या कामाला लागली.

एवढंच. पण मला कळलं, ही काही टाकून आलेली नाही. सगळं घेऊन आली आहे, आणि इथलंही उचललं आहे. आता हिला परत नेलं तर हिचा अर्धा मुका इथेच राहील.

मी घरी जाऊन पेटीतला नारळ काढला. भट्टीतला एक ताजा पाव घेतला, रोट म्हणून. गावाच्या तोंडाशी, पहिल्या घराच्या कोपऱ्यावर, तसाच एक धक्के खाल्लेला दगड होता, तिथे गेले. सुलू, जोर्दी आणि रोझा मागोमाग आली. नारळ दगडावर फोडणार तोच जोर्दीने हात धरला. दगड सहाशे वर्षांचा म्हणे! मग त्यानेच हातोडीच्या एका टिचकीत नारळाचे दोन सरळ अर्धे केले.

बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं. पण तिथे दुसरं होतं कोण?

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "तुझां नाव माका ठावक नाय. मी इब्रामपूरची. आज माझ्या लेकीक तुझ्या सीमेत तुझ्या पदरात घालतंय..."

आणि थांबले. आमच्याकडे इथे मागून आवाज येतो. तो आला नाही की गाऱ्हाणं अर्धंच लोंबकळतं. वळून बघितलं तर सुलू, पदर नाही म्हणून तोंड हातांत धरून, रडत होती.

"व्हय म्हाराजा!" जोर्दी म्हणाला. खणखणीत, जसा त्या आठ दिवसांत शिकला होता तसा.

मग मी थांबलेच नाही. "तिच्या वाटेर काय आड इलां तर तां तू अंगार घे!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची भट्टी कधी थंड पडू नको देव!"

या वेळी सुलूचाही आवाज आला, फुटका, पण आला. रोझाने काही न समजता छातीवर क्रूसाची खूण केली, आणि चावी सुलूच्या हातात दिली.

इब्रामपूर

मोपाच्या विमानतळावर हे न्यायला आले होते. मी बाहेर आले तरी हे माझ्या मागच्या दाराकडेच बघत राहिले. दार उघडलं, माणसं आली, दार मिटलं. मग माझी पेटी उचलली. वाटेत एकदाच बोलले, "गाय बरी आसा."

मी सगळं सांगितलं, चावीचंसुद्धा. मान आडवी हलवायची होती आणि मी हलवली नाही, हेसुद्धा. सुलूने दिलेला पाव प्रवासात दगडासारखा झाला होता, तो फळीवर तसाच.

दिवाळीच्या सकाळी मी पाच तऱ्हांचे फोव केले, गुळाचे, ताकाचे, नारळाच्या रोसाचे, सगळे. पानावर बसल्यावर यांनी हात मागे घेतला. उठले, फळीवरचा पाव काढला, एक तुकडा मोडला, चहात बुडवला आणि खाल्ला. चुलीपाशी बसून. मग म्हणाले, "मीठ बरां घातल्यान."

सांजेला मला म्हणाले, "रोट कर."

"पण तुम्ही तर म्हटलं होतं, ती आली तर."

"कर तू."

सीमेवर गेलो तर शेजारी कोणी नव्हते, यांनी कोणाला बोलावलंच नव्हतं. रोट दगडापुढे ठेवला, हात जोडले. ट्रकवाल्या माणसाचा मोठा आवाज, तो कुठे गेला कोण जाणे.

"बा देवा म्हाराजा," हळूच म्हणाले, "आमची लेक आता थंयच्या राखणदाराक दिलंव. तो धोंडो नवो, तेका आमच्या लेकीचां काय एक म्हायत नाय. तू तेका सांग. ती तापट आसा, पण मनान बरी. तुमी दोघांनी मिळान तिका सांभाळा, म्हाराजा."

आणि थांबले. मागे मी एकटीच होते.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."